गुलदार बुडवण्याआधी: मालवणच्या स्कुबा व्यवसायातील घडामोडी आणि आपली तयारी

दांडीकर (मालवण), ६ एप्रिल २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

नौदलातून निवृत्त झालेले 'गुलदार' मार्चमध्ये विजयदुर्ग बंदरात येऊन उभे राहिले आणि तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर दुसरा विषय उरलेला नाही. सिलिंडर भरण्याच्या रांगेत, चहाच्या टपरीवर, होडी वर ओढताना जो तो एवढेच विचारतो, की जहाज बुडवणार कधी आणि पहिली बुडी कोणाला मिळणार. ज्यांनी वर्तमानपत्रांत तुकड्यातुकड्यांनी वाचले असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवण्यासाठी पोलंडमध्ये बांधलेले हे सुमारे ८४ मीटर लांबीचे जहाज ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात दाखल झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअर येथे 'कुंभीर' आणि 'चीता' या भावंडांसह सेवामुक्त झाले. यंदा फेब्रुवारीत कारवारला नौदलाने ते एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या, स्वाधीन केले. निवती गावासमोरच्या समुद्रातील निवती रॉक या खडकाच्या परिसरात ते समुद्रतळावर बसवायचे, त्याचे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करायची आणि जोडीला पर्यटकांसाठी पाणबुडी आणायची, अशी ४६.९१ कोटी रुपयांची केंद्राने मंजूर केलेली योजना आहे.

मला आनंद आहेच. माझे वडील रापणसंघात (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या गटात) होते आणि मी गेली अकरा वर्षे पर्यटकांना पाण्याखाली नेतो, त्यामुळे मालवणच्या समुद्रात काही नवे येत असेल तर त्याचा पहिला फायदा आम्हालाच व्हावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेले तीन आठवडे एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडे 'स्कुबा' म्हणजे काय, हे इथल्या बऱ्याच सभासदांनी अनुभवले आहे. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा आहे तोवर होडी निघते, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडपापाशी (पाण्यातल्या खडकापाशी) थांबते, पर्यटकाला शिडीला धरून तोंडाने श्वास घ्यायला शिकवले जाते आणि मग गाईड त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरचे डोके धरून त्याला पाच-सहा मीटरवर नेतो. पर्यटकाने पाय मारायचे नाहीत, कोणतेही बटण दाबायचे नाही, फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचे. आठ-दहा मिनिटांत तो वर येतो आणि जेवायच्या आधी त्याचा व्हिडिओ त्याच्या गावच्या ग्रुपवर पोहोचलेला असतो. यात मला कोणताही कमीपणा वाटत नाही. सोलापूरच्या साठ वर्षांच्या आजींना, ज्यांनी विहिरीतही कधी पाय टाकला नव्हता, मी खाली नेले आहे. वर आल्यावर त्या शिडी सोडेनात. या कामावर दांडी, चिवला, तारकर्ली आणि देवबागेतल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

मात्र गुलदारवर हे काम असे करता येणार नाही. तिथे उघडा समुद्र आहे, प्रवाह आहे, खोली जास्त आहे आणि पोलादी खोल्या आहेत, ज्यांत शिरलेला माणूस वाटेल तेव्हा सरळ वर येऊ शकत नाही. साधा हिशोब मांडतो. आपले नेहमीचे ॲल्युमिनियमचे सिलिंडर ११ लिटरचे असते. २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप; पाण्याच्या वर तो साधारण एक असतो) भरले की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शांत माणूस पाण्याच्या वर मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. २० मीटरवर दाब तिप्पट होतो, म्हणून तोच माणूस ४५ ते ६० लिटर हवा संपवतो, आणि घाबरला तर त्याच्या दुप्पट. परतीसाठी ५० बार राखले तर हातात १,६५० लिटर उरतात, म्हणजे घाबरलेल्या माणसाकडे जेमतेम पाव तास. सहा मीटरवर आपण या हिशोबाचा कधी विचारच करत नाही, कारण तिथे हवा संपायच्या आधी पर्यटकालाच कंटाळा येतो.

आमची मुले पाण्यात पटाईत आहेत, पण डाईव्हमास्टर (इतरांना पाण्याखाली नेण्याची व्यावसायिक पातळी) किंवा त्यापुढचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली माझ्या ओळखीतली मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पुस्तक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, फी एकरकमी आणि वर्ग नेमका सीझनमध्ये. माझे म्हणणे एवढेच आहे, की २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, त्या तीन महिन्यांत तारकर्लीच्या प्रशिक्षण केंद्राच्या तलावात स्थानिक गाईडांसाठी मराठीतून वर्ग व्हावेत आणि त्यासाठी आपण आत्तापासून मागणी करावी. जहाज खाली गेल्यावर मागणी करून उपयोग नाही. आपली मते कळवावीत.

पुणेरी_बुडी (पुणे), ६ एप्रिल २०२५, रात्री १०.५५

दांडीकर, विषय अगदी वेळेवर काढलात. मी गेली सहा वर्षे डिसेंबरात मालवणला येतो आणि माझे ओपन वॉटर (स्कुबाचे पहिल्या पातळीचे) प्रमाणपत्रही कोकणातच झाले आहे, त्यामुळे पुढचा अनुभव तक्रार म्हणून वाचू नये.

मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव सांगणार नाही) पाण्यात उतरताना पहिल्याच श्वासाला डिझेलचा वास आला. मी गाईडला खूण केली. त्याने मान डोलावून 'चला' म्हटले. बारा मिनिटांनी वर आलो तेव्हा कपाळ ठणकत होते. किनाऱ्यावर जाऊन पाहिले तर हवा भरण्याचा कॉम्प्रेसर एका पत्र्याच्या शेडमध्ये होता, त्याची हवा ओढणारी नळी भिंतीतून बाहेर काढली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जनरेटरचा धूर सोडणारा पाईप होता. वारा फिरला की धूर थेट सिलिंडरमध्ये. मालकांनी दुसऱ्या दिवशी नळी छपरावर नेली, हे त्यांच्या श्रेयाला लिहितो. पण तोवर त्या शेडमध्ये भरलेली हवा किती जणांनी घेतली असेल?

गाईडांच्या प्रशिक्षणाबरोबर हवा भरणाऱ्या माणसाचेही प्रशिक्षण व्हावे, असे सुचवतो. तो पाण्यात उतरत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खारा_वारा (मुंबई), ७ एप्रिल २०२५, सकाळी ८.१०

मला या चर्चेचा सूर थोडा निराशेचा वाटतो. जहाज अजून पाण्यावर तरंगते आहे आणि आपण अपघातांची यादी करायला बसलो आहोत. गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळच्या बुडालेल्या जहाजांवर कित्येक वर्षे डाईव्ह होत आहेत. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला माझ्यासारखे कितीतरी मराठी लोक दरवर्षी जातात. अंदमानला जाण्यासाठी विमानाला पैसे घालणारा प्रमाणपत्रधारक पाणबुड्या उद्या गुलदारसाठी सिंधुदुर्गात येईल. त्याच्यासाठी बाहेरचे अनुभवी प्रशिक्षक येऊन केंद्रे काढतील, स्थानिकांना होडीचे, राहण्याचे, जेवणाचे काम मिळेल. प्रत्येक मच्छीमाराच्या मुलाने जहाजाच्या इंजिनरूममध्ये शिरलेच पाहिजे, असा आग्रह कशासाठी?

दांडीकर, ७ एप्रिल २०२५, दुपारी २.२५

खारा_वारा, आपण सहज लिहून गेलात, पण आमच्या भीतीचे इतके नेमके वर्णन मलाही जमले नसते. बाहेरचा माणूस पाण्याखाली जाणार, आमचा माणूस होडी चालवणार आणि मासे तळणार. या खडपांची प्रत्येक कपार ज्यांना अंधारातही ठाऊक आहे, ज्यांनी खडपात अडकलेली जाळी श्वास रोखून सोडवली आहेत, त्यांनी केवळ इंग्रजी परीक्षा दिली नाही म्हणून वर थांबायचे, हे मला पटत नाही.

आणि अपघातांची यादी मी केली नव्हती; आता एकाच घटनेची आठवण करून देतो. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे सीझन संपायला दोन दिवस असताना, तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ती दुर्घटना पाण्याखाली झाली नाही, परतीच्या वाटेवर झाली. वाऱ्याने रंग बदललेला असतो, लाटांचा फुटवा वाढलेला असतो, पण बुकिंग घेतलेले असते. त्या दिवसानंतर मी माझ्या होडीत लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून पाहिल्याशिवाय नांगर उचललेला नाही. असे आठवणे म्हणजे निराशा असेल, तर तसे म्हणा.

कानकोंडा (कोल्हापूर), ७ एप्रिल २०२५, रात्री ११.३०

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. सभासदनाम त्यावरूनच घेतले आहे. मे महिन्यात सोमवार-मंगळवारी माझ्याकडे कोकणातून परतलेले रुग्ण येतात आणि बहुतेकांची कहाणी एकच असते: 'खाली जाताना कान दुखत होता, पण पैसे भरले होते.'

पाण्यात पहिले तीन मीटर कानासाठी सर्वांत वाईट असतात, कारण दाबातला बदल तिथेच प्रमाणात सर्वाधिक होतो. नाक चिमटून हलकेच फुंकले की घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. परंतु ही क्रिया दुखायला लागण्याच्या आधी, दर मीटरला करायची असते. एकदा दुखू लागले की नळी दाबाने मिटून बसते आणि मग जोर लावून फुंकणारा माणूस स्वतःच्याच कानाला इजा करतो. त्या वेळी मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा असतो. कान मोकळे न करता खाली गेल्यास पडदा फाटू शकतो, थंड पाणी आत शिरून चक्कर येते आणि पाण्याखाली चक्कर आली म्हणजे वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. मालवणचा गाईड एका वेळी एकाच पर्यटकाला नेतो, ही खरे तर फार चांगली पद्धत आहे. बाहेरच्या संस्था एका प्रशिक्षकामागे चार नवख्यांपर्यंत परवानगी देतात. फक्त त्या गाईडने पर्यटकाच्या कॅमेऱ्यातल्या चेहऱ्याइतकेच त्याच्या कानाकडे जाणाऱ्या हाताकडेही पाहावे.

दुसरी गोष्ट गुलदारच्या संदर्भात महत्त्वाची ठरणार आहे. खोलवर, जास्त वेळ राहिले की श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. या काळात उंचीवर गेल्यास सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. विमानाचे सर्वांना ठाऊक असते, घाटाचे कोणी सांगत नाही. हा संकेत साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लागू धरतात आणि आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे. कोल्हापूर-बेळगावचा माणूस सकाळी दोन बुड्या मारून, दुपारी सुरमईचे ताट संपवून संध्याकाळी सहा वाजता आंबोली चढतो. सहा मीटरवर दहा मिनिटे राहिलेल्याला याची चिंता करण्याचे कारण नाही. २० मीटरवर दोनदा गेलेल्याने मात्र त्या रात्री कोकणातच मुक्काम करावा. हॉटेलवाल्यांना ही सूचना आवडेल.

होडीवर शुद्ध प्राणवायूचे सिलिंडर आणि मास्क असावा, हे वेगळे सांगायला नको. असा त्रास झालेल्यांवर उपचार करण्याचा दाबकक्ष मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे आणि मालवणहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर आहे. मधला वेळ प्राणवायूच निभावून नेतो.

पुणेरी_बुडी, ८ एप्रिल २०२५, सकाळी ७.५०

डॉक्टर, घाटाचा मुद्दा मला सहा वर्षांत कोणीही सांगितला नव्हता. डिसेंबरात मी स्वतः दुपारच्या बुडीनंतर गगनबावड्याने परतलो होतो. आता गप्प बसून पुढचे वाचतो.

पोवळे (पणजी), ८ एप्रिल २०२५, दुपारी १२.१५

मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि मालवणच्या प्रवाळांवर काम करते. गाईडांच्या प्रशिक्षणाला माझा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त त्या अभ्यासक्रमात प्रवाळांचा एक तास तरी असावा.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्यात येतो, म्हणजे आपण ज्याला 'स्कुबा पॉईंट' म्हणतो ती जागा अभयारण्याच्या पोटातच आहे. इथले प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपसारखे फांद्यांचे, रंगीबेरंगी नाहीत. ते बुटके, गोळ्यासारखे किंवा ताटासारखे आणि मातकट रंगाचे आहेत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ अंगावर घेऊन ते जगतात, आणि नेमका याच चिवटपणामुळे अभ्यासकांना त्यांच्यात रस आहे. पर्यटकाला मात्र ते दगड वाटतात. मी पाण्याखाली असताना एका गृहस्थांना गोळा प्रवाळावर उभे करून त्यांचे छायाचित्र काढलेले पाहिले आहे. जेवणाच्या ताटाएवढा तो गोळा तिथवर वाढायला काही दशके लागली असतील.

पाव टाकून मासे जमवण्याची पद्धतही सोडायला हवी. पट्ट्यापट्ट्यांचे मासे कॅमेऱ्यासमोर गर्दी करतात हे खरे, पण पावाची सवय लागलेले मासे खडकावरचे शेवाळ खायचे सोडतात आणि ते शेवाळ शेवटी प्रवाळावरच पसरते. नांगराचा प्रश्न याहून मोठा आहे. एकाच जागी रोज इतक्या होड्या नांगर टाकतात, त्याऐवजी कायम बोये बांधून ठेवले आणि होडी त्यांना लावली तर तळाला धक्का लागत नाही.

१५ एप्रिल २०२४ रोजी जगातील चौथी व्यापक प्रवाळ-विरंजनाची घटना जाहीर झाली. पाणी तापले की प्रवाळ आपल्या ऊतींमधले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तापमान आपल्या हातात नाही. नांगर, पाव आणि पाय मात्र आहेत.

गुलदारबद्दल एवढेच म्हणेन, की पोलादावर आधी शेवाळ, शिंपले आणि बार्नेकल बसतील, मासे लगेच आसऱ्याला येतील, पण प्रवाळांना बराच वेळ लागेल. त्यामुळे दुसऱ्याच वर्षी 'प्रवाळ कुठे आहेत?' असे विचारणाऱ्या पर्यटकाला खरे उत्तर देणारा गाईड तयार हवा.

निवतीची_माहेरवाशीण (सध्या ठाणे), ८ एप्रिल २०२५, रात्री ९.०५

दांडीकर दादा, तुम्ही मालवणचे, म्हणून तुमच्या लिहिण्यात स्कुबा आधी आणि मासळी नंतर येते. माझे माहेर निवतीचे, आमच्याकडे उलटे आहे. माझे दोन्ही भाऊ अजून समुद्रावर जातात आणि जहाज जिथे बसवायचे म्हणतात त्या बाजूचे पाणी हे त्यांचे शेत आहे. पर्ससीनच्या (मोठ्या घेरजाळ्यांच्या) आणि एलईडी दिव्यांनी मासळी ओढणाऱ्या बोटींशी भांडून आमची माणसे आधीच दमलेली आहेत. आता त्या भागात मासेमारीला बंदी येणार का, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. पाण्याखालच्या संग्रहालयाचे कौतुक त्यानंतर.

भावाने फोनवर एक गोष्ट सांगितली ती इथे लिहिते. तळाशी मोठी वस्तू असली की मासळी तिच्याभोवती जमते, हे कोणत्याही तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) शिकवावे लागत नाही. त्यामुळे बंदी असो वा नसो, कोणी ना कोणी जाळे जवळ टाकणारच. प्रवाहाने ते जहाजाच्या कठड्यात अडकणार, ओढून निघाले नाही की दोर कापून सोडून द्यावे लागणार, आणि मग ते जाळे वर्षानुवर्षे तिथे मासे मारत राहणार. त्यात तुमचा एखादा पर्यटकही गुंतू शकतो. यावर आमच्या लोकांशी कोणी बोलणार आहे का? गाईडांच्या वर्गात निवती, श्रीरामवाडी आणि भोगव्याची पाच-दहा मुले घेतली, तर जाळे अडकल्याची खबर पहिल्यांदा त्यांनाच लागेल आणि सोडवायलाही तीच जातील.

दांडीकर, ८ एप्रिल २०२५, रात्री १०.४०

ताई, मान्य. मी लिहिताना मालवण धरूनच लिहिले, ही माझी चूक आहे. जाळी सोडवण्याचे काम आम्ही आजही करतो. एखाद्या नौकेचे जाळे खडपात अडकले की रात्री फोन येतो आणि सकाळी सिलिंडर घेऊन जायचे. गेल्या नोव्हेंबरात असेच गेलो होतो. हाताने वर करायला गेलो तर जाळ्यात एक कासव होते, जिवंत. पाठीवरचा दोर कापला तेव्हा ते इतक्या जोरात निघाले की माझा मास्कच उडवून गेले. गुलदारच्या प्रशिक्षणात जाळे कापण्याचा सराव असलाच पाहिजे, आणि निवतीच्या मुलांचे नाव मी मागणीच्या पत्रात सर्वांत वर घालतो.

ब्रिस्बेनकर (ऑस्ट्रेलिया, मूळचा वेंगुर्ल्याचा), ९ एप्रिल २०२५, सकाळी ६.२०

योगायोग असा, की मी ज्या किनाऱ्यावर राहतो तिथे नेमका हाच प्रयोग झालेला आहे. 'ब्रिस्बेन' ही १३३ मीटर लांबीची विनाशिका ३१ जुलै २००५ रोजी मुलूलाबाजवळ मुद्दाम बुडवण्यात आली. मी तिच्यावर पंधरा-सोळा वेळा गेलो आहे. बुडवण्याआधी तिच्यातले तेल, तारा आणि सुट्या वस्तू काढून टाकल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना माणूस सहज आरपार जाईल अशी मोठी भोके कापली होती, म्हणजे आत शिरलेल्याला कुठूनही उजेड दिसावा. जहाजाभोवतीचे पाणी संरक्षित आहे, मासेमारी बंद आहे, नांगर टाकता येत नाही, होडी बोयालाच लावावी लागते आणि खाली जाण्यासाठी परवाना लागतो. पोवळे यांनी लिहिलेले सर्व तिथे पहिल्या दिवसापासून होते.

उलट उदाहरणही सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गोजवळ 'स्पीगल ग्रोव्ह' हे १५५ मीटरचे जहाज मे २००२ मध्ये ठरलेल्या वेळेच्या आधीच बुडू लागले, उलटे झाले आणि त्याचे नाक पाण्याबाहेर राहिले. मग ते आडवे करण्यासाठी पुन्हा खर्च आला. पुढे जुलै २००५ मध्ये एका चक्रीवादळाच्या लाटांनी ते आपोआप सरळ उभे केले. जे काम अभियंत्यांना जमले नाही ते समुद्राने केले, हे ऐकायला गमतीचे वाटते. परंतु याचा अर्थ असा, की वादळाने दीडशे मीटरचे जहाजही तळावर फिरते. आपल्या किनाऱ्याने 'तौक्ते' पाहिलेले आहे. दर पावसाळ्यानंतर पर्यटक सोडण्याआधी कोणीतरी खाली जाऊन काय हलले, कोणते दार लोंबते आहे, हे पाहायला हवे. ते काम मुंबईहून येणारा पाहुणा करणार नाही. त्यासाठी तिथलाच माणूस लागतो. या एका कारणासाठी मी दांडीकरांच्या बाजूचा आहे.

खारा_वारा, ९ एप्रिल २०२५, सकाळी ९.४५

दांडीकर, माझे वाक्य उद्धट झाले होते, क्षमस्व. पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा मुद्दा पटला. तरी एक प्रश्न उरतोच. मराठीतून शिकवले तरी प्रमाणपत्र देणारी संस्था परदेशी असेल आणि तिचे नियम तिच्या भाषेत असतील, तर मुलांना निदान तेवढे इंग्रजी शिकवणे अधिक सोपे नाही का?

कानकोंडा, ९ एप्रिल २०२५, दुपारी १.१०

दोन्ही करावे. पण एक काम आजच, कोणाच्या परवानगीशिवाय होण्यासारखे आहे. पर्यटकाकडून होडीत बसल्यावर जो आरोग्याचा कागद सही करून घेतात तो इंग्रजीत असतो आणि कोणीही वाचत नाही. मी त्याऐवजी मराठीत सात प्रश्न लिहिले आहेत: दमा आहे का, कानाचे ऑपरेशन किंवा पडद्याला छिद्र आहे का, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास आहे का, गरोदर आहात का, आज सर्दी आहे का, काल रात्रीपासून मद्य घेतले आहे का, आणि बुडीनंतर चोवीस तासांत विमानाने किंवा घाटाने जाणार आहात का. हे होडीत नव्हे, बुकिंग घेतानाच विचारावेत. पैसे भरून होडीत बसलेला माणूस कोणत्याही प्रश्नाला 'नाही' असेच उत्तर देतो.

दांडीकर, ९ एप्रिल २०२५, रात्री ८.३०

डॉक्टर, सात प्रश्न छापायला दिले. खारा_वारा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या चुलतभावाकडून मिळाले. त्याला 'बॉयल्स लॉ' (दाब कमी झाला की हवा फुगते, हा नियम) पाठ आहे, पण अर्थ विचारला तर तो गप्प राहतो. मी त्याला फुगा घेऊन दहा मीटरवर नेले, तिथे सिलिंडरच्या हवेने अर्धा भरून गाठ मारली आणि वर येताना त्याच्या हातात दिला. वर पोहोचेपर्यंत फुगा टम्म झाला. तो म्हणाला, 'म्हणजे वर येताना श्वास धरला तर छातीचे हे होणार.' आता ते वाक्य इंग्रजी परीक्षेत लिहायला तो तयार आहे. आधी समजले पाहिजे, भाषा मागून येते.

अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी (भरती-ओहोटीतला फरक कमी) असते, प्रवाह मंद असतो आणि खाली दिसतेही बरे. २१ एप्रिलच्या सोमवारी गर्दी नसेल. त्या दिवशी आम्ही आठ जण बेशुद्ध माणसाला तळावरून होडीत घेण्याचा सराव करणार आहोत. काय झाले ते इथे लिहीन.

दांडीकर, २२ एप्रिल २०२५, सकाळी १०.०५

सराव झाला. सविस्तर लिहितो, कारण जिथे अडले ती जागा आमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हती.

सात मीटरवर आमच्यातलाच एक जण निपचित पडून राहिला. दुसऱ्याने त्याला शोधले, मागून धरले, तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून हवा घेतात तो) हाताने दाबून ठेवला आणि सावकाश वर आणले. यात काहीही चुकले नाही. पृष्ठभागावर आल्यावर जॅकेट फुगवले, वजनाचा पट्टा सोडून दिला, होडीपर्यंत ओढत आणले. इथवर तीन मिनिटे लागली. आणि मग होडीत घेताना सगळे थांबले. आमच्या होडीचा काठ पाण्यापासून चांगला उंच आहे, शिडी पाण्यात जेमतेम दीड फूट उतरते. शुद्धीतला पर्यटक पायरीवर पाय ठेवतो म्हणून अकरा वर्षांत हे कधी जाणवले नाही. निपचित माणसाला पाय ठेवता येत नाही. वरून दोघांनी काखेत हात घालून ओढले, खालून दोघांनी ढकलले, ओले अंग हातातून निसटत होते, लाटेबरोबर होडी वर जायची आणि तो खाली. शेवटी त्याला आत घेतले तेव्हा घड्याळात आणखी सहा मिनिटे गेली होती. तो हसत उठला, बाकीचे कोणी हसले नाही.

पुढच्या वेळी निवतीचे दोघे जण येणार आहेत. ताईंच्या धाकट्या भावाने जाळ्याचा तुकडा गुंडाळून होडीत घेण्याची युक्ती सुचवली आहे. जाळे काठावरून पाण्यात सोडायचे, माणसाला त्यात आडवा घ्यायचा आणि दोघांनी वरून जाळे ओढायचे, म्हणजे तो लोळत काठावर येतो. मोठी मासळी ते असेच घेतात म्हणे. शिडी मात्र आजच वेल्डरकडे टाकली आहे. खालून आणखी दोन पायऱ्या जोडून हव्या आहेत, शुक्रवारी मिळेल.

मागणीचे पत्र तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला व्यक्तिगत निरोप करावा.